एमजीबीची फायरवॉल उघडताना: नोंदी, मोजमापं आणि भोकांचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं रिस्टोरेशन हाती घेतलेल्या मंडळींकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या चार सिलिंडरच्या एमजीबीला धरून आहेत, मग ती उघडी रोडस्टर असो की १९६५ पासूनची बंद छताची जीटी. नोंदीची पद्धत दुसऱ्या जुन्या गाडीलाही चालेल, तपशील मात्र त्या गाडीचे लागतील.

१. फायरवॉल म्हणजे नेमका कुठला भाग धरायचा?

इंजिन आणि पाय ठेवायची जागा यांच्यामधला उभा पत्रा, असं सगळे म्हणतात. एमजीबीत तो एक सपाट पत्रा नाही. मधोमध हीटर बसतो तो आडवा कट्टा आहे, त्याच्या दोन्ही अंगांना पेडल बॉक्सच्या जागा आहेत, पायांकडे उतरणारे तिरके पत्रे आहेत आणि खाली गिअरबॉक्सच्या बोगद्याचं तोंड आहे. वर काचेखालचा पोकळ स्कटल त्याला जोडलेला असतो. नोंदीसाठी हे सगळं एकत्रच धरा. ब्रिटिश मॅन्युअलमध्ये शोधताना ‘बल्कहेड’ या नावाखाली पाहा.

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या मॉडेलला वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे फायरवॉल कापली किंवा चुकीची वेल्ड केली तर परिणाम नुसता दिसण्यावर होत नाही.

२. एका पत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला? दरवाजे, बॉनेट यांची कोणी अशी नोंद करत नाही.

दरवाजाला जोडणारे भाग मोजके, आणि ते चुकीचे बसले तर लगेच दिसतं. फायरवॉलमधून मुख्य वायरिंग जातं, ॲक्सिलरेटर आणि चोकच्या केबली जातात, स्टिअरिंग कॉलम जातो, बॉनेट उघडायची तार जाते, वॉशरची नळी जाते. वर ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर, मध्ये हीटर. डेंटिंग-पेंटिंगला गाडी गेली की हे सगळं उतरतं आणि परत येतो तो एकसारख्या रंगाचा, भोकाभोकांचा पत्रा. मधल्या काळात महिने, कधी वर्षं गेलेली असतात, आणि उतरवणारा मेकॅनिक बहुधा दुसरीकडे लागलेला असतो.

शिवाय या पत्र्यावर गाडीचा इतिहास असतो. कुठल्या देशासाठी बनली, हीटर कारखान्यातूनच होता का, मागच्या मालकांनी काय काय ठोकलं, हे इथे वाचता येतं. रंग चढला की ते पुसलं जातं.

३. नोंद कधी सुरू करायची? इंजिन काढल्यावर चांगलं दिसतं ना?

दिसतं, पण तोवर निम्मा पुरावा हललेला असतो. नोंद तीनदा करायची: काहीही न काढता, इंजिन उतरल्यावर, आणि पत्रा पूर्ण मोकळा झाल्यावर. पहिल्या फेरीत गाडी धुऊ नका. केबल कुठे क्लिपमध्ये होती, नळी कशाला घासत होती, ते मळाच्या थरावरूनच कळतं. दुसऱ्या फेरीनंतर धुवा आणि तिसरीत मोजमापं घ्या.

सुरुवातीला बॅटरीची तार काढा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, रबर बंपरच्या गाड्यांपासून १२ व्होल्टची एकच. नव्याने गाडी घेतलेले लोक बॉनेटखाली बॅटरी शोधत बसतात.

४. माझी एमजीबी नेमकी कुठली, हे आधी कळायला हवं का?

हवंच, कारण फायरवॉलवर काय असायला पाहिजे ते वर्षानुसार आणि देशानुसार बदलतं. इंजिन खोलीतल्या पाटीवरचा गाडीचा क्रमांक पाहा. ‘जीएचएन’ म्हणजे रोडस्टर, ‘जीएचडी’ म्हणजे जीटी. पुढचा ३, ४ किंवा ५ हा आकडा मालिकेचा, आणि त्यापुढे ‘एल’ असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची.

मोठे टप्पे असे. १९६७ च्या अखेरीस मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती आली. तिच्याबरोबर डायनामोऐवजी अल्टरनेटर, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला) आणि रुंद झालेला गिअरबॉक्सचा बोगदा आला. बोगदा रुंद झाला म्हणजे फायरवॉलचा खालचा भागही बदलला. १९६८ मॉडेलपासून अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना दुहेरी सर्किटचा ब्रेक मास्टर सिलिंडर आणि धूर कमी करणारा एअर पंप मिळाला, १९७० पासून पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबाही. १९७४ च्या शरदात रबर बंपर आले. १९७७ मॉडेलला रेडिएटर पुढे सरकला आणि विजेचा पंखा लागला. एमजीसी आणि जीटी व्ही८ या वेगळ्या गाड्या आहेत, त्यांची मापं इथे लावू नका.

५. फोटो फोनने काढले तर चालतात का?

चालतात, एक पथ्य पाळलं तर. फोनची नेहमीची लेन्स जवळून रुंद कोनात पाहते आणि कडा वाकवते. म्हणून दोन पावलं मागे जा, दुप्पट झूम लावा आणि फोन पत्र्याला समांतर धरा. इंजिन असताना मागे जाता येत नाही, तेव्हा एकमेकांवर एक तृतीयांश चढणारे फोटो डावीकडून उजवीकडे रांगेने काढा.

चौकटीत स्टीलपट्टी दिसली पाहिजे, आणि ती पत्र्याला टेकलेली हवी, हातात धरलेली नको. फ्लॅश बंद ठेवा. चमकणाऱ्या रंगावर फ्लॅश पडला की नेमकं भोकच पांढरं होतं. बाजूने तिरका टॉर्च मारला की ठोकपीट, पुटी आणि जुनं वेल्डिंग उठून दिसतं. समोरून सपाट दिसणारी दुरुस्ती या उजेडात लपत नाही.

प्रत्येक जोडणीचे दोन फोटो घ्या, एक इंजिनाच्या बाजूने आणि दुसरा डॅशबोर्डखालून. दुसरा काढायला पाठ मोडते, म्हणून बहुतेक जण टाळतात. आणि जोडणी करताना लागतो तोच.

६. भरपूर फोटो आहेत. मग मोजायचं कशाला?

भोक आहे हे फोटो सांगतो. ते १९ मिमीचं की २२ मिमीचं, ते फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, आणि पत्रा बदलावा लागला तर नव्यावर ते कुठे पाडायचं तेही नाही. फायरवॉलचा खालचा कोपरा गंजून गेलेला असेल तर मोजमापांशिवाय डेंटर अंदाजाने भोक पाडणार. मग केबल वाकडी जाते आणि ॲक्सिलरेटर जड लागतो. फोटो ओळखीसाठी, मोजमाप बांधणीसाठी. दोन्ही पाहिजे.

७. मोजायचं कसं? पत्रा कुठे सपाट, कुठे तिरका, सरळ रेघ कुठून धरायची?

पूर्ण फायरवॉलला एकच ग्राफपेपर लावायचा नाद सोडा. तिचे सपाट तुकडे पाडा: उभा मधला भाग, हीटरचा कट्टा, डावा-उजवा पेडल भाग, डावा-उजवा तिरका पत्रा. प्रत्येक तुकड्यावर दोन संदर्भबिंदू ठरवा, ‘अ’ आणि ‘ब’. हे बिंदू कारखान्याने पाडलेल्या, गंज न लागलेल्या भोकांचे असावेत, आणि शक्य तितके एकमेकांपासून दूर. पत्र्याची कड संदर्भ म्हणून घेऊ नका, कड ठोकली जाते आणि कापलीही जाते.

आता त्या तुकड्यावरच्या प्रत्येक भोकाचं ‘अ’ पासूनचं आणि ‘ब’ पासूनचं अंतर घ्या. दोन अंतरं मिळाली की कंपासने दोन कंस मारून ते भोक कागदावर बसवता येतं. कंस दोन ठिकाणी छेदतात, म्हणून भोक ‘अब’ रेषेच्या वर की खाली हेही लिहा. महत्त्वाच्या भोकांना तिसऱ्या बिंदूपासूनचं अंतर घ्या म्हणजे चूक पकडता येते.

भोकाचा मध्य डोळ्याने धरू नका. एका भोकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, मग बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, आणि दोहोंची सरासरी काढा. तेच दोन मध्यांमधलं अंतर. भोकं वेगवेगळ्या आकाराची असली तरी हा हिशेब चुकत नाही.

पाच-सहा भोकं जवळजवळ असतील, पेडल बॉक्सच्या चौकटीभोवती असतात तशी, तिथे बटर पेपर मास्किंग टेपने घट्ट लावा आणि पेन्सिलची शिसं आडवी घासा. सगळ्या कडा कागदावर उमटतात. कागदावर वरची दिशा, इंजिनाची बाजू आणि एक मोजलेलं अंतर लिहा. कागद दमट हवेत ताणतो, मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. ते लिहिलेलं अंतर नंतर तपासणीला उपयोगी पडतं.

८. प्रत्येक भोकाबद्दल काय काय लिहायचं?

क्रमांक, तुकडा, दोन अंतरं, व्यास, आकार, त्यातून काय जात होतं, ते कशाने धरलं होतं (क्लिप, की ग्रोमेट म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं), आणि ते कारखान्याचं आहे की नाही याबद्दल तुमचं मत. एक नमुना, आकडे केवळ समजण्यासाठी:

‘फा-१४. मधला उभा भाग. अ पासून ३१२, ब पासून ४०५, रेषेच्या खाली. गोल, १९ मिमी. चोकची केबल. रबरी ग्रोमेट, तडकलेला. कारखान्याचं, खात्री. फोटो ०२३, ०७१.’

चौकोनी भोक, लांबट भोक, पत्र्याला वेल्ड केलेला नट, पिंजऱ्यातला सैल नट, सुटी क्लिप, हे सगळे स्वतंत्र क्रमांक. नुसता स्टड असला तरी त्याला क्रमांक द्या. बोल्टचा आटा लिहायला विसरू नका. एमजीबीवर बहुतेक आटे यूएनएफ (इंची मापाचा बारीक आटा) आहेत आणि लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काही विजेच्या भागांवर बीए (जुना ब्रिटिश आटा). मधल्या मालकाने एम६ चा, म्हणजे मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने बसवला असेल तर तो थोडा फिरून अडतो. तसा बोल्ट सापडला की नोंदीत ठळक लिहा, नट दुरुस्त करायला लागेल.

क्रमांकाचं लेबल काढलेल्या भागालाही लावा आणि पत्र्यावरही. पत्र्यावरचं लेबल मास्किंग टेपचं, भागाला तारेने बांधलेलं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं. भागाला चिकटवलेला कागद तेलात गळून जातो.

९. ग्रोमेट सगळे वाळलेत. फेकून नवे घेऊ ना?

नवे घ्या, जुने फेकू नका. ग्रोमेटची तीन मापं लागतात: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, खाचेची रुंदी म्हणजे पत्र्याची जाडी, आणि मधल्या छिद्राचा व्यास. वाळलेला ग्रोमेट आक्रसतो, म्हणून पहिलं माप त्याच्यावरून नाही, भोकावरून घ्या.

१०. वायरिंगच्या नोंदीत रंग लिहिले की पुरे?

बरंचसं. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत लुकासची रंगपद्धत आहे आणि ती शिकायला अर्धा तास पुरतो. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूज नाही. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत आणि फ्यूजमधून. काळी अर्थ. लाल बाजूच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची. मुख्य रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते, तीही लिहा: निळ्यावर पांढरी म्हणजे लांबचा झोत, निळ्यावर लाल म्हणजे जवळचा.

तरी दोन अडचणी येतात. एक, साठ वर्षांच्या तेलामळाने पांढरी आणि तपकिरी सारख्याच दिसतात. वायरीला थोडं पुसून, जोडणीच्या आत दबलेला भाग पाहून रंग ठरवा. दुसरी, आपल्याकडच्या आणि तिकडच्याही इलेक्ट्रिशियननी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. अशा वायरीला रंगाने नाव देऊ नका, ‘फा-९ मधून येते, हॉर्नला जाते’ असं दोन टोकांनी लिहा.

हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, फायरवॉलमधून ओढण्याआधी, ग्रोमेट जिथे होता तिथे दोन्ही बाजूंना रंगीत टेपची एकेक पट्टी गुंडाळा. नवा हार्नेस घेणार असलात तरी करा, फाटा कुठे फुटतो ते त्याच्याशी ताडून पाहता येतं.

जाता जाता फ्यूजबद्दल. तो बॉक्स उजव्या आतल्या मडगार्डवर असतो, फायरवॉलवर नाही, पण प्रश्न इथेच येतो. जुन्या गाड्यांत दोन फ्यूज, नंतरच्यांत चार. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असलं तर ते वितळण्याचं माप आहे, सतत वाहण्याचं सुमारे १७ अँपिअर. त्याजागी बाजारातला सतत ३५ अँपिअर वाहणारा फ्यूज बसवला तर आधी वायर जळेल, फ्यूज नंतर.

११. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलाय. उलटा जोडला गेलाय का?

मार्क टूच्या, म्हणजे १९६७ च्या अखेरीच्या आधीची गाडी असेल तर तो मूळचाच तसा आहे. अर्थची तार पत्र्याला कुठे लागते, आणि गाडी आता पॉझिटिव्ह अर्थ आहे की मधल्या काळात कोणी निगेटिव्ह करून घेतली, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जुना विजेचा रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) आतून बदलल्याशिवाय उलट्या अर्थवर चालत नाही. त्यामुळे गाडी निगेटिव्ह केलेली दिसली आणि काउंटर मेलेला दिसला तर कारण तिथेच शोधा.

१२. मीटरपासून इंजिनापर्यंत तांब्याची बारीक नळी गेलीय. कापून नंतर जोडू का?

नाही. जुन्या गाड्यांत पाण्याचं तापमान आणि तेलाचा दाब एकाच मीटरमध्ये दाखवतात. तापमानाची नळी मीटरला कायमची जोडलेली, आत ईथर, टोकाला सिलिंडर हेडमध्ये बसणारा गोळा. कापली की मीटर संपला. ती मीटरसकट, गोळा आधी फायरवॉलच्या भोकातून आत ओढून काढायची असते. म्हणूनच ते भोक नळीच्या मानाने भलतंच मोठं आहे. कुणीतरी उगाच मोठं केलं असावं असं वाटून ते वेल्डने लहान करू नका.

तेलाच्या दाबाची नळी वेगळी, तिला दोन्ही टोकांना नट आहेत आणि ती सुटते. दोघींचे वळसे कसे होते ते रेखाटून ठेवा. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि ती हालचाल या वळशांमध्ये जिरते.

१३. हीटर निघतच नाही. आणि एवढी धडपड करून खाली नोंदवण्यासारखं काय असतं?

एमजीबीचा हीटर हट्टी आहे, यात तुमचा दोष नाही. होज, केबली, काचेकडे जाणाऱ्या डॅशबोर्डखालच्या हवेच्या नळ्या सगळं सोडवलं तरी भोवतीचं सील त्याला धरून ठेवतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर कट्ट्याचा पत्रा वाकतो. धीर धरून डावी-उजवी बाजू आळीपाळीने हलवा.

खाली मात्र खजिना असतो. हा भाग बहुधा कधी पुन्हा रंगवलेला नसतो, त्यामुळे मूळ रंग बऱ्याचदा इथेच सापडतो (प्रश्न १७ पाहा). गंजही इथेच सुरू होतो. काचेसमोरच्या जाळीतून पडणारं पाणी खाली नेणारी एक रबरी नळी असते, ती बोगद्यापाशी उतरते. पानं आणि माती साचून ती तुंबली की पाणी पायात येतं, आणि मालक काचेच्या रबराला दोष देत राहतो. नळीची जागा, लांबी आणि खालच्या टोकाचा आकार नोंदवा. नवी बसवताना हिला हमखास विसरतात, आणि हीटर परत बसल्यावर हात पोहोचत नाही.

हीटरला जाणारं पाणी उघड-बंद करणारी झडप फायरवॉलवर नसते, सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असते. तिच्या केबलचं भोक तेवढं या नोंदीत येतं.

जुनं इन्सुलेशन, कार्ब्युरेटरमागची उष्णतारोधक पट्टी, जुने गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं खरवडू नका, घासू नका. ओलं करून, मास्क लावून, अख्खं काढा आणि पिशवीत बंद करा.

१४. कुठलं भोक कारखान्याचं आणि कुठलं मागच्या मालकाने पाडलेलं, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि एका खुणेवर याचा निकाल लावू नये.

कारखान्याचं भोक प्रेसमध्ये ठोकून पाडलेलं असतं. एका बाजूची कड किंचित आत वळलेली, गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला सगळीकडे सारखी धार. पातळ पत्र्यात हाताच्या ड्रिलने पाडलेलं भोक नीट पाहा: बऱ्याचदा ते गोल नसतं, किंचित तिकोनी असतं, आणि मागे वाकड्यातिकड्या चकल्या राहिलेल्या असतात. दुसरी खूण रंगाची. कारखान्यात भोकं आधी, रंग नंतर. भोकाच्या आतल्या कडेवर मूळ प्रायमर आणि रंग दिसला तर ते जुनं आहे. कड उघडी आणि गंजलेली असेल तर संशय घ्या. पण गाडी एकदा पुन्हा रंगवली असेल तर मधल्या काळातल्या भोकांच्या कडाही रंगलेल्या असतात, तेव्हा कुठला रंग ते पाहा.

तिसरी खूण जोडीची. एका बाजूला दिसणाऱ्या भोकाचा जोडीदार दुसऱ्या बाजूला आरशासारखा असेल तर ते बहुतेक कारखान्याचं. चौथी, त्यात काय सापडलं. टेप, हॉर्न, अलार्म, जादा दिव्यांचा रिले यांच्यासाठी पत्र्याचे स्क्रू मारलेले असतात आणि ते कशाच्याही रांगेत नसतात.

तीन वर्ग करा: खात्रीने कारखान्याचं, खात्रीने नंतरचं, आणि संशयित. तिसरा वर्ग लाजिरवाणा नाही. रंगाआधी सगळे भाग एकदा कोरडे जोडून पाहा, कशालाच न लागलेली संशयित भोकंच मग बुजवायची की नाही ते ठरवा. त्याआधी वेल्डरला त्यांच्याकडे फिरकू देऊ नका.

१५. उजव्या स्टिअरिंगची गाडी आहे, तरी डाव्या बाजूलाही पेडल बॉक्सएवढी जागा कापलेली आणि वर पत्रा स्क्रूने बसवलेला. हा काय प्रकार?

कारखान्याचाच. एमजीबी मोठ्या संख्येने अमेरिकेला जात असे आणि एकाच नमुन्याची बॉडी दोन्ही बाजूंसाठी वापरली जाई. न लागणारी जागा झाकणपट्टीने बंद करत. झाकण, त्याचे स्क्रू आणि खालचं सील नोंदवा, वेल्डने बंद करू नका. सुरुवातीच्या वर्षांत हीटरही जादा पैसे मोजून घ्यायचा असे, म्हणून हीटर नसलेल्या गाडीत तीही जागा झाकलेली आढळू शकते.

१६. गाडी मी सुट्या भागांत विकत घेतली. फोटो नाहीत, मोजमापं नाहीत. आता?

पत्रा धुवायचा नाही, इथून सुरुवात. त्यावर सावल्या असतात. एखादी वस्तू वर्षानुवर्षं बसलेली असेल तिथे रंग ताजा राहतो आणि तिचा आकार दिसतो. ग्रोमेटने दाबलेली कडी, क्लिपखालची स्वच्छ पट्टी, ब्रेकचं तेल मास्टर सिलिंडरखाली गळून रंग उडालेला डाग, हे सगळं आधी फोटोत घ्या.

मग जुना हार्नेस जमिनीवर पसरा. त्याला वर्षानुवर्षांच्या वाकणुकीची आठवण असते. ग्रोमेटची खूण दिसते, इंजिनाकडचा भाग तेलकट आणि आतला धुळकट असतो. फाट्यांमधली अंतरं आणि पत्र्यावरची भोकं ताडली की बराचसा मार्ग उलगडतो. केबलींवरही घासल्याच्या खुणा असतात.

उरलेलं कारखान्याच्या पार्ट्स लिस्टवरून भरा. त्यात बदल गाडीच्या क्रमांकानुसार दिलेले असतात, म्हणून प्रश्न ४ मधलं काम आधी. दुसऱ्या रिस्टोर केलेल्या गाडीवरून नक्कल सर्वांत शेवटी, आणि वहीत ‘दुसऱ्या गाडीवरून’ असं लिहून. बक्षीस मिळवलेल्या गाड्यांतही रिस्टोर करणाऱ्याच्या आवडीचे बदल असतात, आणि मग तीच चूक गाडीगणिक पसरते. माझ्या मते न हात लावलेली, गंजकी, कुरूप गाडी या कामात चकचकीत गाडीपेक्षा जास्त विश्वासाची.

१७. मूळ रंग कसा शोधायचा?

एमजीबीची इंजिन खोली बॉडीच्याच रंगात असे. हीटरखाली, पेडल बॉक्सच्या झाकणाखाली आणि प्रश्न १५ मधल्या झाकणपट्टीखाली पाहा. तिथे नाही मिळाला तर आडबाजूला रुपयाएवढी जागा बारीक ओल्या पॉलिश पेपरने घासा. थर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे एकामागोमाग उघडतात. स्टीलपट्टी ठेवून, उन्हाच्या नव्हे सावलीतल्या दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचा हेरिटेज सर्टिफिकेट मिळतो, त्यात मूळ रंग, बनल्याची तारीख आणि कुठल्या बाजारासाठी बनली ते असतं. भोकांबद्दल त्यात काही नसतं.

१८. पेंटरकडे पाठवताना काय सांगू?

तोंडी काही सांगू नका, छापलेला कागद द्या. बुजवायच्या भोकांवर लाल टेप, न बुजवायच्यांवर हिरवा. फक्त फुली मारली तर ‘बुजवा’ की ‘सोडा’ यावरून गोंधळ होतोच.

वेल्ड केलेल्या सगळ्या नटांत जुने बोल्ट घालून पाठवा, म्हणजे आटा रंगाने भरत नाही. अर्थच्या जागा झाका किंवा नंतर खरवडायच्या म्हणून यादीत लिहा. सँडब्लास्टिंग करणाऱ्याला फायरवॉलच्या सपाट भागांवर जोर कमी ठेवायला सांगा, पातळ पत्रा लाटांसारखा होतो आणि मग पुटी लावत बसावं लागतं. ब्लास्टिंग झाल्यावर, प्रायमरच्या आधी, चौथी फोटो फेरी करा. उघड्या पत्र्यावर दिसणाऱ्या जुन्या दुरुस्त्या नंतर कधी दिसणार नाहीत.

१९. फायरवॉल इतकी गंजलीय की नवी बॉडीच घ्यायची. मग जुन्याची नोंद कशाला?

तेव्हा तर जास्तच. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून जुन्या साच्यांवरून एमजीबीच्या नव्या बॉडी बनवते. नवी बॉडी म्हणजे नेमकी तुमच्या वर्षाची, तुमच्या देशाची, तुमच्या ॲक्सेसरीजची गाडी नव्हे. जुनी भंगारात जाण्याआधी तिचे बटर पेपर नव्यावर धरून पाहा. जुळणारी भोकं, कमी पडणारी आणि जास्तीची अशी यादी तयार होते. मास्टर सिलिंडर बसवण्यापुरतं काम नव्यावर आधीच झालेलं असेल, तुमच्या मीटरच्या नळीचं भोक नसेल, असं होऊ शकतं.

२०. जुन्या रॅलीतल्या गाडीत जादा भोकं आहेत. तीही बुजवायची का?

माझं मत स्पष्ट आहे: त्या काळातली आणि त्या गाडीच्या ओळखीची असतील तर ठेवा. १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीत मॉर्ली बंधूंनी एमजीबीने जीटी गट जिंकला. तशा गाड्यांत जादा दिवे, जादा उपकरणं, त्यांच्या वायरी असत, आणि त्यांची भोकं म्हणजे त्या गाडीचा जन्मदाखला. पण १९८० च्या दशकात कॅसेट प्लेअरसाठी पाडलेल्या भोकाला इतिहास म्हणायची गरज नाही. मधल्या प्रकरणांत, जिथे ठरत नाही, तिथे वेल्ड करण्यापेक्षा रबरी बूच लावा. ते काढता येतं.

२१. भारतात विंटेज नोंदणीसाठी या नोंदींचा उपयोग होतो का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ही गाडी चालवता येत नाही. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

एमजीबीत बॉडी हीच चासी असल्याने फायरवॉल कापून मोठं इंजिन बसवलेली गाडी इथे अडचणीत येऊ शकते. गंजलेला भाग त्याच आकारात बदलला, हे दाखवायला आधीचे आणि नंतरचे मोजपट्टीसह फोटो हाताशी असलेले बरे. नोंदवही म्हणजे परवाना नव्हे, पण तपासणाऱ्याला उत्तर देताना कागद हातात असतो.

२२. जोडणी करताना वहीतलं माप आणि समोरचं भोक जुळत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?

फरक दोन-तीन मिमीचा असेल तर आधी मोजण्याची पद्धत तपासा: मध्य धरून मोजलं की कडेपासून (प्रश्न ७)? व्यास किंचित कमी भरत असेल तर तो रंगाचा थर आहे, गोल कानस हलकेच फिरवा आणि उघड्या पत्र्यावर प्रायमर लावा. फरक मोठा असेल तर संदर्भबिंदू ‘अ’ आणि ‘ब’ मधलं अंतर पुन्हा मोजा. तेच बदललं असेल तर भोक हललेलं नाही, पत्रा ओढला गेलाय, आणि मग पेडल बॉक्स आणि स्टिअरिंग कॉलम बसवून पाहिल्याशिवाय पुढचा एकही भाग घट्ट करू नका. ‘अब’ बरोबर असेल आणि एकच भोक चुकत असेल, तर पहिल्या फेरीचा फोटो काढा, स्टीलपट्टीवरून अंदाज घ्या, आणि तो भाग सैल ठेवून केबल सरळ जाते का ते पाहा.